आधी कागद, मग बटण: वर्गात रोबोट कसा वापरायचा

रोबोट वर्गात आला की पहिली दहा मिनिटं शिकवणं होत नाही. मुलं त्याला उलटा करतात, चाकं फिरवतात, दिसेल ते बटण दाबतात. ती दहा मिनिटं घड्याळ लावून खुशाल देऊन टाका. खरी अडचण अकराव्या मिनिटाला सुरू होते. रोबोट पळत असतो, मुलं खूश असतात, पण चाललेलं असतं ते नुसतं ‘हे दाबून बघू, ते दाबून बघू’. वीसेक प्रयत्नांनंतर रोबोट कधीतरी बरोबर जागी पोचतो, टाळ्या पडतात, आणि तो कसा पोचला हे गटातल्या एकालाही सांगता येत नाही.

यावर एक नियम पुरतो. रोबोट कुठे जाऊन थांबेल हे आधी कागदावर लिहायचं, मगच बटण दाबायचं. प्रत्येक गटाला एक कागद द्या आणि त्यावर चार रकाने आखायला सांगा: आज्ञा, अंदाज, प्रत्यक्षात काय झालं, काय बदललं. शेवटच्या रकान्यात एका वेळी एकच बदल लिहायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळायला मार्ग उरत नाही.

कोणता रोबोट, किती मुलांत

पाच ते आठ वर्षांच्या मुलांना पाठीवर बटणं असलेला, जमिनीवर चालणारा रोबोट द्यावा. बी-बॉट हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा: पुढचं बटण एकदा दाबलं की 15 सेंटिमीटर पुढे, वळायचं बटण दाबलं की जागच्या जागी 90 अंश. स्क्रीन नाही, टॅब्लेट नाही, आणि या वयाला तेच बरं. आठ ते अकरा वर्षांसाठी ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करता येईल असा, मायक्रोबिटसारख्या बोर्डवर (म्हणजे हातात मावणाऱ्या छोट्या संगणकावर) चालणारा गाडा चालतो. त्यापुढच्या मुलांसाठी विकत घेताना एकाच गोष्टीवर अडून बसा: मोटरला एनकोडर हवा, म्हणजे चाक किती अंश फिरलं हे रोबोटला मोजता आलं पाहिजे. दिवे, आवाज, चेहरा हे सगळं नंतर. एनकोडर नसेल तर ‘इतके सेकंद चाल’ एवढंच सांगता येतं, आणि सेल उतरत गेले की त्याच सेकंदांत अंतर कमी पडत जातं. (त्यातूनही एक छान धडा निघतो, तो पुढे येतोच.)

माणसासारखे दिसणारे, बोलणारे रोबोट पाहुणे म्हणून ठीक. मुलं त्यांच्याकडे बघतात, ऐकतात. त्यांच्याकडून काही करवून घेण्याची वेळ क्वचितच येते. पैसा मोजका असेल तर अशा एका रोबोटच्या किमतीत साधे पाच-सहा घ्यावेत.

एका रोबोटमागे तीन मुलं. चौथं मूल हमखास खिडकीबाहेर बघत बसतं. एकानं लिहायचं, एकानं चालवायचं, एकानं मोजायचं, आणि प्रत्येक फेरीनंतर कामं बदलायची. ही अदलाबदल मुलांवर सोडू नका. सगळ्यात धीट मूल तासभर बटण सोडत नाही. सगळ्या वर्गात मिळून एकच रोबोट असेल तरी अडत नाही. बाकीचे गट कागदावर आज्ञा लिहीत बसतात आणि पाळी आली की फक्त दोन मिनिटांसाठी चटईपाशी येतात. खरं तर अशा वर्गात विचार जास्त होतो, कारण प्रत्येक फेरी जपून वापरावी लागते.

चटई आणि पहिला तास

जाड चार्टपेपर किंवा पारदर्शक प्लास्टिकवर 15 सेंटिमीटरची घरं आखा. सहा बाय चार घरांची चटई 90 बाय 60 सेंटिमीटरची होते. तीन मुलांना भोवती बसायला पुरते. आखणी काटेकोर हवी. घर चुकून 14 सेंटिमीटरचं झालं, तर पाच पावलांत रोबोट पाच सेंटिमीटर पुढे, म्हणजे घराच्या एक तृतीयांश पुढे गेलेला दिसतो आणि मुलं आपलंच मोजणं चुकलं असं धरून चालतात. चटईच्या कडा चिकटपट्टीनं जमिनीला पक्क्या करा. वर आलेल्या कडेला चाक अडकलं की रोबोट तिरका होतो आणि तिथून पुढची प्रत्येक चाल फुकट जाते. प्लास्टिक असेल तर खालून चार्ट सरकवून तीच चटई आज अक्षरांची, उद्या नकाशाची करता येते.

पहिल्या तासाला रोबोट पेटीतच राहू द्या. जमिनीवर खडूनं मोठी घरं आखा आणि एका मुलाला रोबोट करा. बाकीच्यांनी फक्त चार शब्द वापरायचे: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 साली लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा मुलांसाठी तयार केली. पुढे त्या भाषेनं ‘कासव’ नावाचा, जमिनीवरचा रोबोट चालवायला सुरुवात झाली, तेव्हाही अडलेल्या मुलाला हेच सांगितलं जाई: तू स्वतः कासव हो आणि चालून बघ. अजूनही याहून चांगला उपाय सापडलेला नाही.

या खेळात दोन गैरसमज लगेच वर येतात, आणि ते इथेच मिटवलेले बरे. पहिला म्हणजे, ‘डावीकडे’ म्हटलं की मूल डावीकडच्या घरात जाऊन उभं राहतं. वळणं वेगळं आणि जाणं वेगळं. डावीकडच्या घरात जायला दोन आज्ञा लागतात: आधी वळ, मग पुढे. दुसरा गैरसमज तोंडाच्या दिशेचा. रोबोट मुलाकडे तोंड करून येत असला की डावं-उजवं उलटं होतं. रोबोटच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला निळं स्टिकर लावा, किंवा आज्ञा लिहिताना मुलाला रोबोटच्या मागे जाऊन उभं राहायला सांगा. दुसरा उपाय जास्त टिकतो.

मग रोबोट बाहेर काढायचा. क्रम असा:

1. सुरुवातीचं घर, तोंडाची दिशा आणि शेवटचं घर ठरवा. सुरुवातीला तीन-चार आज्ञांचाच रस्ता घ्या.
2. बाण काढलेले पत्ते ओळीनं मांडा, एका आज्ञेला एक पत्ता.
3. रोबोट कुठे थांबेल त्या घरावर खडा ठेवा. हाच अंदाज.
4. आधीच्या आज्ञा पुसायचं बटण दाबा.
5. पत्ते वाचत बटणं दाबा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं दाबायचं.
6. रोबोट चालत असताना मोजणाऱ्यानं पत्त्यांवरून बोट फिरवायचं. रोबोट बिनसला की बोट तिथेच थांबवायचं.

चौथी पायरी विसरणं हे वर्गातल्या निम्म्या गोंधळाचं मूळ आहे. बी-बॉट जुन्या आज्ञा लक्षात ठेवतो आणि नव्या त्यांच्या मागे जोडतो. मुलानं ‘पुढे, पुढे’ दाबलं, पुन्हा ‘पुढे, उजवीकडे’ दाबलं, तर रोबोट तीन घरं जाऊन मग वळतो. मूल म्हणतं, रोबोट बिघडला. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: ‘पुसलं का?’

सहावी पायरी म्हणजे चूक शोधण्याचं खरं शिक्षण. रोबोट भलत्याच घरात पोचला की मुलं सगळे पत्ते गोळा करून नव्यानं मांडायला घेतात. ते करू देऊ नका. बोट कोणत्या पत्त्यावर थांबलं? त्याच्या आधीचे सगळे बरोबर आहेत. तेवढाच एक पत्ता बदला आणि पुन्हा चालवा.

भाषेच्या तासाला घरांत अक्षरं लिहून ‘कमळ’ किंवा ‘नगर’ अशा विनामात्रेच्या शब्दांचा रस्ता काढायला द्या, प्रत्येक अक्षरावर विराम घेऊन. पण चटईचा सगळ्यात सुंदर उपयोग ऋण संख्यांसाठी होतो. अकरा घरांची, 165 सेंटिमीटर लांब पट्टी घ्या आणि −5 ते 5 आकडे लिहा. रोबोट पहिल्या संख्येवर, तोंड मोठ्या संख्यांकडे. बेरीज असेल तर तोंड तसंच. वजाबाकी असेल तर पूर्ण मागे वळ. पुढची संख्या धन असेल तर पुढे चाल, ऋण असेल तर मागे सरक. आता 3 − (−2) घ्या. रोबोट 3 वर उभा. वजाबाकी म्हणून मागे वळला, तोंड शून्याकडे. संख्या ऋण म्हणून दोन घरं मागे सरकला. पोचला 5 वर. ‘उणे उणे अधिक’ हा पाठ केलेला नियम इथे डोळ्यांसमोर घडतो. मात्र 2 वर जाईल, 1 वर जाईल की 5 वर, हे आधी लिहून घ्या. बहुतेक कागदांवर 1 असतो, आणि तो तसा असणं चांगलं आहे.

चाक, परीघ आणि वळण

अकरा वर्षांपुढच्या मुलांसाठी रोबोटचं चाक हे गणिताचं साधन आहे. साध्या गाड्यांना बहुधा 65 मिलिमीटर व्यासाचं चाक असतं. परीघ 6.5 गुणिले 3.14, म्हणजे सुमारे 20.4 सेंटिमीटर. रोबोटला बरोबर एक मीटर न्यायचा तर 100 भागिले 20.4, म्हणजे 4.9 फेऱ्या, अंशांत 1764. हा हिशेब मुलांनी आधी करायचा, जमिनीवर चिकटपट्टीची खूण लावायची, मग रोबोट सोडायचा. तो दोन-तीन सेंटिमीटर मागे-पुढे थांबेल. का? व्यास फूटपट्टीनं मोजला होता आणि रबर वजनाखाली दबतं. मग चाकाचा एक फेरा जमिनीवर लोळवून परीघ थेट मोजायला सांगा. त्याहून चांगलं, दहा फेरे लोळवून दहानं भागायला सांगा.

वळणाचा हिशेब जास्त मजेशीर आहे. दोन चाकी रोबोट जागच्या जागी वळतो तेव्हा एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरतं, आणि दोन्ही चाकं एकाच वर्तुळावरून जातात. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे दोन चाकांमधलं अंतर. चाकांमध्ये 12 सेंटिमीटर अंतर असेल आणि रोबोटला 90 अंश वळायचं असेल, तर प्रत्येक चाकानं किती अंश फिरायचं? मुलं आधी मोठ्या वर्तुळाचा परीघ काढतील, त्याचा चतुर्थांश घेतील, चाकाच्या परिघानं भागतील, 360 नं गुणतील. करू द्या. मग फळ्यावर सगळं एका ओळीत मांडा. पाय (π) वरही आहे, खालीही आहे, आणि उडून जातो. उरतं ते इतकंच: 90 गुणिले 12 भागिले 6.5, म्हणजे 166 अंश. गुणोत्तर कशाला म्हणतात हे पन्नास उदाहरणांनी जितकं कळत नाही तितकं या एका ओळीनं कळतं.

166 दिल्यावर रोबोट बरोबर काटकोनात वळणार नाही, हेही ठरलेलं. टायर रुंद असतो आणि तो नेमका कुठल्या कडेवर टेकतो ते सांगता येत नाही, शिवाय थोडी घसरण होते. एका वळणात तीन-चार अंशांची चूक कोनमापकानं नीट मोजता येत नाही, म्हणून चूक मोठी करून मोजायची. रोबोटला सलग दहा गिरक्या घ्यायला लावा, म्हणजे 3600 अंश. समजा तो 200 अंश कमी पडला. मग चाकांमधलं खरं, कामाला येणारं अंतर 12 गुणिले 3600 भागिले 3400, म्हणजे 12.7 सेंटिमीटर. हा आकडा घालून पुन्हा चालवा. आता चार काटकोनी वळणांचा चौकोन बरोबर बंद होतो.

पेन लावून आकृत्या काढायच्या असतील तर ते दोन चाकांच्या बरोबर मधोमध, आसावर बसवा. पुढे नाकाशी लावलं तर रोबोट वळताना पेन कंस काढतं आणि चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्याला शेपूट फुटतं. समभुज त्रिकोण सांगितला की जवळपास प्रत्येक गट 60 अंश वळवतो, कारण त्रिकोणाचा कोन 60 हे पाठ असतं. कागदावर उमटतं अर्धं षटकोन. इथे उत्तर सांगू नका. एका मुलाला त्या रेषेवरून चालायला लावा आणि कोपऱ्यावर थांबवून विचारा, आत्ता किती वळलास? 120 हे उत्तर पायांतून येतं. मग पंचकोन, अष्टकोन आपोआप: 360 भागिले बाजू.

एनकोडर नसलेल्या रोबोटवर हाच तास आलेखाचा करा. 1, 2, 3, 4 सेकंद चालवा आणि अंतरं मोजा, प्रत्येकी तीनदा, सरासरी घ्या. समजा 17, 37, 57, 77 सेंटिमीटर आली. बिंदू एका रेषेत बसतात, पण रेषा शून्यातून जात नाही. वेग सेकंदाला 20 सेंटिमीटर, आणि सुरुवातीला गती घेताना तीन सेंटिमीटर वाया गेले. मग 100 सेंटिमीटरला किती वेळ? 103 भागिले 20, म्हणजे 5.15 सेकंद. फक्त सगळी मोजमापं एकाच तासात, त्याच सेलवर घ्या. पुढच्या आठवड्यात तोच प्रयोग केला की रेषा खाली झुकलेली मिळते, आणि त्यावर वेगळी चर्चा होते.

सेन्सर

काळ्या रेषेवरून चालणारा रोबोट सगळ्यांना हवा असतो. पांढऱ्या पृष्ठभागावर काळी इलेक्ट्रिकल टेप लावा. वळणं मोठी ठेवा, काटकोन नको. प्रकाश सेन्सर जमिनीपासून पाच ते दहा मिलिमीटर उंचीवर असू द्या. आधी प्रोग्रॅम नाही, नुसतं वाचन: पांढऱ्यावर किती, काळ्यावर किती. समजा 62 आणि 8 आले. मधला आकडा 35 हा उंबरठा. 35 च्या वर गेलं तर एकीकडे वळ, खाली आलं तर दुसरीकडे.

मुलांना वाटतं रोबोट रेषेवरून चालतो. एकच सेन्सर असेल तर तो रेषेच्या कडेवरून चालतो. पूर्ण काळ्यावर असताना कड डावीकडे आहे की उजवीकडे हे त्याला कळायचा मार्गच नसतो. हे पटवायला डोळ्याला पुठ्ठ्याची बारीक नळी धरून मुलाला एका डोळ्यानं फक्त त्यातून जमीन बघत चालायला लावा. रोबोट डोलत-डोलत जातो, कारण आपण त्याला फक्त दोनच पर्याय दिले आहेत. मोठ्या मुलांना पुढचं पाऊल द्या: वळण वाचन आणि 35 यांच्या फरकाच्या पटीत. फरक कमी तर वळण थोडं. पट फार मोठी घेतली तर डोलणं परत येतं, फार लहान घेतली तर रोबोट वळणावर रेषा सोडतो.

उंबरठा दर वेळी, त्याच जागी, त्याच उजेडात मोजायचा. सकाळी टेबलावर चाललेला प्रोग्रॅम दुपारी खिडकीजवळ ढेपाळतो, कारण उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो आणि सेन्सरला काळंही उजळ दिसतं.

अंतर मोजणाऱ्या ध्वनी सेन्सरचं तत्त्व विज्ञानाच्या तासाला घ्या. 20 अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. सेन्सर आवाज सोडतो आणि परत येईपर्यंतचा वेळ मोजतो, म्हणून अंतर निम्मं करायचं. एका सेंटिमीटरमागे जाऊन-येऊन सुमारे 58 मायक्रोसेकंद. निम्मं करायला विसरलेला गट हमखास असतो. त्यांची भिंत दुप्पट लांब जाते. एचसी-एसआर04 हा स्वस्त सेन्सर 2 ते 400 सेंटिमीटरसाठी बनवलेला आहे, पण तिरकी भिंत आवाज भलतीकडे परावर्तित करते, पडदा आणि लोकर तो गिळून टाकतात, आणि समोरासमोर आलेले दोन रोबोट एकमेकांचे प्रतिध्वनी ऐकतात. या तिन्ही गोष्टी मुद्दाम करून बघायला द्या, सेन्सर खोटं कधी बोलतो हे मुलांना माहीत हवं.

बिघडतं ते कुठे

पहिला संशय सेलवर घ्या. साधा अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टचा, चार्ज होणारा निकेल सेल 1.2 चा. चार सेलचे एका वेळी 6 होतात, दुसऱ्या वेळी 4.8, आणि तोच रोबोट वेगळा वागतो. जुने-नवे सेल एकत्र घालू नका. लिथियमचा सेल फुगलेला दिसला की तिथेच बाजूला काढा, आणि कुणी लक्ष ठेवायला नसताना चार्जिंगला लावू नका.

मोटर सुरू होताच बोर्ड बंद होऊन पुन्हा चालू होत असेल तर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसू नका. मोटर निघताना एकदम जास्त करंट ओढते, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रिसेट होतो. मोटरला वेगळी बॅटरी द्या, पण दोन्हींचं ग्राउंड (ऋण टोकाची तार) एकमेकांना जोडा. ते राहून गेलं की मोटर मनाला येईल तशी वागते. आर्डुइनो बोर्डच्या पिनवर मोटर थेट जोडू नका, मध्ये ड्रायव्हर, म्हणजे मोटरला लागणारा करंट पुरवणारं सर्किट, हवाच. रोबोट एका बाजूला ओढत असेल तर आधी आसाभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे काढा. जमिनीवरच्या रोबोटची चाकं झाडूसारखी सगळं गोळा करतात.

सहा गट एकदम ब्लूटूथ जोडू लागले की शेजारच्याचा रोबोट पळतो. प्रत्येक रोबोटला क्रमांक चिकटवा, ॲपमध्ये तेच नाव द्या आणि दोन-दोन गटांनाच एका वेळी जोडू द्या. मायक्रोबिटच्या रेडिओला गट क्रमांक 0 ते 255 पर्यंत देता येतो. प्रत्येक गटानं रोबोटवरचाच क्रमांक वापरायचा.

टेबलावर नवा प्रोग्रॅम कधीच थेट चालवायचा नाही. रोबोट पालथ्या डब्यावर ठेवा, चाकं हवेत, आणि प्रोग्रॅम बटण दाबल्यावरच सुरू होईल असा लिहा. हे न केल्यामुळे रोबोट अपलोड होता-होताच टेबलावरून उडी मारतात.

गुण कशाला

रोबोट पोचला की नाही याला गुण देऊ नका. दिलेत तर मुलं अंदाज नंतर लिहितात, पोचल्यावर. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फरक पडल्यावर ‘काय बदललं’च्या रकान्यात कारण लिहिलं आहे का, तेवढंच बघा. ‘वळण 166 चं 176 केलं, कारण दहा गिरक्यांत 200 अंश कमी पडत होते’ याला पूर्ण गुण. ‘परत केलं, झालं’ याला काही नाही. आणि खोडरबर पेटीतच राहू द्या, चुकलेला अंदाज खोडायचा नाही.

तासाची शेवटची सात मिनिटं आवरण्यासाठी राखून ठेवा. चार्ज होणारे रोबोट क्रमांकाप्रमाणे लावायचे, सुटे सेल काढून डब्यात, पत्ते मोजून रबर लावायचा, आणि कागदांवर गटाची नावं आहेत का ते घंटा होण्याआधी बघायचं.